फोटोला डेट्स लागत नाहीत

अनुभवांच्या या पानावर मी बरेच महिने नुसती वाचते आहे. खरं सांगायचं तर वाचतानाही मनात हसायचे... यांना ताप असेल, झोप कमी झाली असेल, नाहीतर चार लोकांनी ‘बापरे’ म्हणावं म्हणून लिहीत असतील. आमच्या घरात अंगारा आहे, दृष्ट काढणं आहे, सगळं आहे. माझ्या डोक्यात ते कधी शिरलं नाही. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. समोर जे आहे तेवढंच टाइप करायचं, ही सवयच लागली आहे. खालचंही तसंच लिहिते. इंग्लिश मीडियममध्ये शिकले आहे, घरी अर्धं कन्नड चालतं, त्यामुळे मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सोलापूरला भवानी पेठेत राहतो. खाली आत्याचं फॉल-पिकोचं दुकान, वर आम्ही. आत्या म्हणजे अप्पांची, माझ्या वडिलांची, मोठी बहीण; ते आणि शेजारपाजारचे तिला अक्का म्हणायचे. तिनं लग्न केलं नाही. मला आणि माझ्या चुलत बहिणीला, तेजूताईला, तिनंच वाढवलं म्हणा, कारण दोघींच्या आया नोकरीला. शाळा सुटली की आम्ही तिच्या मशीनच्या दोन बाजूंना बसून होमवर्क करायचो. तेजूताई बोलायची, मी ऐकायचे. मोठं झाल्यावरही ते तसंच राहिलं.

संध्याकाळी दुकान बंद करून आत्या वर आली की तिची मालिका लागायची. नाव देत नाही, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे लागत असेल. डोहातून जन्मलेली मुलगी एका मोठ्या घरात सून होऊन येते, तिची सगळी शक्ती तिच्या वेणीत असते, आणि हे माहीत असलेली सासू रोज हातात कात्री घेऊन उभी. सासू एकदा जळून मेली. मग तिची जुळी बहीण आली. मग कळलं की मेली ती जुळी होती, ही मूळचीच! आत्या मन लावून बघायची, पण तिचं लक्ष भलतीकडेच.

“बघ की गं, डोहातनं वर आली आन साडी कोरडी. फॉल बी सुटलाय. देवी असली म्हणून काय झालं, फॉल नको व्हय नीट?”

तेजूताई मुंबईला गेली आणि इकडे तिकडे करत नेमकी त्याच मालिकेच्या क्रिएटिव्ह टीममध्ये लागली. आत्याला केवढा आनंद! दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची, “आमची तेजू हाय त्यात. दिसत न्हाय, पण हाय.”

मग आत्या गेली. फार आजारी नव्हती. गेलीच.

तिच्या पहिल्या पुण्यतिथीला तेजूताई आली आणि निघताना अप्पांकडे आत्याचा फोटो मागितला. स्टुडिओत काढलेला, इरकल साडीतला, कपाळावर विभूतीचे पट्टे, चेहऱ्यावर अगदी थोडं हसू. मालिकेतल्या घराच्या भिंतीवर एक पूर्वज बाई हवी होती म्हणे. ‘मोठ्या अक्का’. घराण्याचं रक्षण करणारी, सुनेला आशीर्वाद देणारी.

अप्पा तयार नव्हते. “अक्काच्या फोटूला खोट्या लोकांनी हार घालायचा?”

“काका, खरा चेहरा पाहिजे हो. त्यात माया दिसली पाहिजे. आणि आत्याला किती आवडलं असतं, तुम्हीच सांगा की!”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “द्या ना, अप्पा.”

आणि खरंच छान दाखवलं. सून फोटोसमोर दिवा लावायची आणि ज्योत आपोआप मोठी व्हायची. शेजारच्या पद्मा काकू रोज आमच्याकडे येऊन बघायच्या. “अक्का दुकानात कधी हसली न्हाई एवढी, आन टीव्हीत बघा की!” अप्पा वरवर पेपर वाचायचे, पण दिवा लावायचा सीन आला की पेपर खाली यायचा.

काही महिन्यांनी मालिकेत ‘मूळ गाव’ दाखवायचं ठरलं आणि वळसंगजवळ एका शेतातल्या दगडी घरात युनिटचं आऊटडोअर शूटिंग लागलं. तेजूताईचा फोन आला, “ये की बघायला. आत्यापण आली आहे.” मी लॅबमधून अर्धा दिवस घेतला आणि स्कूटीवर गेले.

तिथं सगळीकडे केबल्स, छत्र्या, थर्मोकोलचे पांढरे बोर्ड. हिरॉइन गोधडीवर पाय पसरून मोबाईल बघत होती आणि एक बाई तिची शक्तीवाली वेणी विंचरत होती. वेणी वेगळी, हिरॉइन वेगळी. आतल्या खोलीत भिंतीवर आत्या होती. मी दारात चपला काढल्या. सगळे बूट घालून फिरत आहेत हे दिसल्यावर हळूच परत घातल्या.

एक माणूस स्टुलावर उभा राहून फोटोच्या काचेवर काहीतरी चिकटवत होता. बारीक, हिरवे, गोल ठिपके. आत्याच्या दोन्ही डोळ्यांवर.

मी सहसा अनोळखी माणसाशी बोलत नाही, पण विचारलं, “हे कशासाठी?”

त्याला वाटलं मी युनिटचीच. नीट समजावून सांगितलं त्यानं. “ट्रॅकिंग मार्कर आहेत. नंतर व्हीएफएक्समध्ये डोळे लाल होणार, बुबुळं फिरणार. मग ही बाई हसते.”

तेजूताई मागे येऊन उभी होती. मी तिच्याकडे वळले.

“अगं, सासूवाल्या मॅडमनी सोडली ना मालिका! दुसरी मोठी मिळाली त्यांना. चॅनलला लगेच नवा व्हिलन पाहिजे, आणि असं लगेच कुणाच्या डेट्स मिळणार? आमचे डायरेक्टर सर म्हणाले, भिंतीवर एक बाई आहेच की. फोटोला डेट्स लागत नाहीत.” सांगताना तिला हसू आलं, मग माझा चेहरा बघून थांबली.

“हडळ करताय तिला?”

“हडळ नाही गं... अतृप्त आत्मा. इतके दिवस आशीर्वाद देत होती ते नाटक होतं, खरं तर तिला वंश संपवायचाय. ट्विस्ट आहे.”

“तेजूताई, ती आत्या आहे.”

“स्क्रीनवर ती मोठ्या अक्का आहे, रश्मी. चेहरा एस्टॅब्लिश झालाय, आता नाही बदलता येत. बदलला तर लोक विचारतात.”

मग आम्ही विचारलं तर? ...हे मी मनात म्हणाले. तोंडातून फक्त “पण...” एवढंच निघालं.

ठिपके टिकेनात. तो माणूस लावायचा, ते गळून खाली पडायचे. काच तेलकट असेल म्हणून त्यानं स्पिरिटनं पुसली. पुन्हा पडले. शेवटी जेवणानंतर बघू असं ठरलं आणि सगळं युनिट बाहेर मंडपात जेवायला गेलं. कॅमेरा फोटोवर लावलेला तसाच होता, मॉनिटर चालू होता. मॉनिटरसमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. मी आणि तेजूताई. बाहेर लख्ख ऊन. हे सांगते, कारण अंधारबिंधार काही नव्हता.

मी मॉनिटरकडे बघत होते, तेजूताईकडे बघायला नको म्हणून. आणि मॉनिटरवरच्या फोटोत आत्याच्या डोक्यावर पदर होता.

त्या फोटोत पदर खांद्यावर आहे. तो फोटो मी रोज पाहिलेला आहे, त्यात केस उघडे, मधोमध भांग. मॉनिटरवर इरकलीचा तोच पदर, तेच काठ, डोक्यावरून पुढे ओढलेला. कपाळ झाकलेलं, विभूती झाकलेली, डोळे झाकलेले. फक्त नाक आणि ओठ. ओठांवर हसू नव्हतं. आत्या फार दुखावली की असाच पदर ओढून मशीनपाशी बसायची. कुणाला तोंड दाखवायची नाही.

मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरचा फोटो होता तसाच. परत मॉनिटर. पदर.

मी काही बोलले नाही, हे महत्त्वाचं आहे. माझ्या मनगटात तेजूताईची नखं रुतली आणि ती म्हणाली, “रश्मी... पदर.”

ती आधी म्हणाली.

तेवढ्यात स्पॉटदादा दारातून ओरडले, “म्याडम, जेवायला चला की, भाकरी गार व्हायलीय!” आम्ही दोघी दचकून वळलो. पुन्हा पाहिलं तर फोटो नेहमीसारखा. हसरा.

तेजूताईनं मला घरामागे बोअरपाशी नेलं. ती खूप रडली. तिला तसं रडताना मी लहानपणीही पाहिलं नव्हतं. म्हणाली, “मी सरांशी बोलते. ट्रॅक बदलून घेते. आत्याची शपथ. तू कुणाला सांगू नकोस, मी करते सगळं.” मला बरं वाटलं. भीती होतीच, पण दोघींनी पाहिलं होतं ना... त्यामुळे ती निम्मी झाली होती. मग मला मंडपात जेवायला बसवून ती परत आत गेली.

तरी अप्पांना मी त्या संध्याकाळी सांगितलं. डोळ्यांचं आणि पदराचं, दोन्ही. त्यांच्या बहिणीचा फोटो होता, त्यांना न सांगणं मला जमलं नसतं. त्यांनी लगेच फोन लावला, स्पीकरवर.

“तेजू, रश्मी काय म्हणतीय? अक्काला हडळ करालाय व्हय?”

“नाही हो काका! ते ठिपके फोकससाठी असतात. तिला काय कळतंय त्यातलं?”

“आन पदराचं?”

मग ती हसली. “कसला पदर? काका, ती एवढ्या उन्हातून स्कूटीवर आली होती, काही खाल्लं नव्हतं. तिला जरा गरगरत होतं. मी होते ना तिथं, मी काही नाही पाहिलं.”

अप्पांनी फोन ठेवला. “झोप जरा. तेजू कशाला खोटं बोलंल? अक्काच्या मांडीवर वाढलेली पोरगी हाय ती.”

मीपण तिथंच वाढले होते. पण मी असं काही बोलत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तेजूताईलाही.

पुढच्या आठवड्यात तो एपिसोड लागला. पद्मा काकू आल्या होत्या. सुनेनं दिवा लावला, ज्योत विझली, आत्याचे डोळे लाल झाले, बुबुळं फिरली आणि कुठल्या तरी बाईच्या आवाजात आत्या हसली. विभूती लावलेली आमची आत्या. पद्मा काकू “गॅसवर कुकर हाय” असं म्हणून उठल्या. अप्पांनी टीव्ही बंद केला.

“डोळ्यांचं तू सांगितलं होतंस,” ते म्हणाले.

“हो.”

पदराचं त्यांनी विचारलं नाही. माझ्या सांगण्यातलं निम्मंच त्यांना मान्य होतं.

तेजूताईला मी एकच फोन केला, एकच गोष्ट विचारली... तू पाहिलंस की नाही? ती म्हणाली, “काही नव्हतं गं. सोड ना आता. माझी नोकरी आहे ही.”

मग मला स्वतःचीच शंका यायला लागली. ऊन होतंच. पोटात खरंच काही नव्हतं. मी टाइप करते ते रिपोर्टसुद्धा कधी कधी मशीनच्या चुकीनं वेडेवाकडे येतात. मी पाहिलं की मला पाहायचं होतं? महिनाभर मी हेच मनात घोळवत होते.

आणि मग चॅनलनं त्यांच्या ॲपवर ‘पडद्यामागे’ म्हणून व्हिडिओ टाकला. लॅबमध्ये डबा खाताना मैत्रिणीनं दाखवला, “तुझी बहीण ना ही?” कॉलरला माइक लावून तेजूताई बसली होती. विषय होता, सेटवर आलेला अमानवीय अनुभव.

तिनं सगळं सांगितलं. दुपार, वळसंग, गळणारे ठिपके, मॉनिटर, पदर, झाकलेले डोळे. एक शब्द इकडचा तिकडे नाही. फक्त त्यात मी नव्हते. “मी एकटीच होते मॉनिटरपाशी,” ती म्हणाली. आणि फोटो? “आर्टवाल्यांनी कुठून तरी आणलेला, कुणा बाईचा.”

अँकर मुलगी डोळे मोठे करून म्हणाली, “बापरे! मग?”

“मग सगळे जेवत होते तेव्हा मी तो फोटो सरळ करायला एकटी आत गेले... तर माझ्या कानाशी कुणीतरी बोललं. अगदी हळू. ‘साकु’ असं.”

“म्हणजे काय?”

“काय माहीत!” तेजूताई हसली. “काहीतरी असंच.”

काय माहीत? साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे. ताटात भात जास्त पडला की साकु. आम्ही दोघी भांडत बसलो की मशीन न थांबवता आत्या म्हणायची, साकु. आमचं दोघींचं सगळं बालपण हा शब्द ऐकण्यात गेलं.

संध्याकाळी मी मोबाईल अप्पांसमोर धरला. त्यांनी शेवटचा भाग पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, “तू खरं सांगत होतीस.” मला ज्याची गरज होती ते वाक्य हेच. पण ते मला तेजूताईमुळे मिळालं, तिनं चोरून विकलेल्या गोष्टीतून. अप्पा जिना उतरून बंद दुकानात जाऊन बसले. माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. त्यांना लाज वाटते, मला कळतं.

व्हिडिओखाली लोकांनी लिहिलंय, ‘स्क्रिप्टेड’, ‘टीआरपीसाठी काहीही’. मॉनिटरची केबल सैल असेल, जुनं फुटेज मिसळलं असेल, असं मला जाणकारांनी सांगून झालंय. मी सगळं ऐकून घेतलं. आत्याचा तसा फोटो कुठंच अस्तित्वात नाही, त्यामुळे मिसळणार काय, हे मला अजून कळलेलं नाही. कदाचित कधीच कळणार नाही. पदराचं मी आता सोडून दिलंय.

दुसरं मात्र सुटत नाही. ‘साकु’ तेजूताईनं रचलं असेल, तर आत्याचा शब्दही तिनं विकला. मग राग तरी धरता येईल. पण तो शब्द सांगताना तिचा हात आपोआप कानाकडे गेला होता. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आहे, ती जागा मला पाठ आहे. तो अभिनय नव्हता.

म्हणजे आत्या बोलली. त्या दुपारी मी भिंतीपलीकडे, मंडपात, हातात भाकरी घेऊन बसले होते. आणि आत्या बोलली ते तेजूताईशी.