गलाईचा धूर आणि मालकांचं बीपी

माझे मालक, म्हणजे माझा नवरा, बावीस वर्षं कोइंबतूरला गलाईच्या दुकानात होते. आमच्या कडेगाव-विट्याकडं गलाई म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या माणसासाठी सांगते. सोनाराकडची मोड, तुटके दागिने, दुकानातली झाडलोटसुद्धा भट्टीत वितळवायची, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकून भेसळ काढायची आणि शुद्ध सोनं, शुद्ध चांदी वेगळी करून द्यायची. आमच्याकडची माणसं पिढ्यान् पिढ्या हे काम घेऊन देशभर पांगलेली आहेत. कुणी केरळात, कुणी बंगालात. मालक आणि त्यांचा धाकटा भाऊ, माझा दीर, असे दोघं मिळून कोइंबतूरचं दुकान चालवायचे.

लग्नानंतर मी गावीच राहिले. सासू-सासऱ्यांचं करायचं होतं, मग मुलगी झाली. मालक वर्षातून दोनदा यायचे, गावच्या जत्रेला आणि मोहरमात कडेगावच्या ताबुतांना. पंधरा-वीस दिवस राहायचे. पहिले तीन-चार दिवस नुसते खोकायचे. मग खोकला बसायचा, तोंडाला चव यायची, चार घास जास्त जायचे, आणि तोवर जायची तारीख यायची. पाव्हणा यावा तसा नवरा येत होता. मला त्याची सवय झाली होती. त्यांनाही झाली होती, पण हे मला फार उशिरा कळलं.

मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी गावात आशा म्हणून काम धरलं. बाळंतिणींकडं जाणं, लसीकरणाला बायका गोळा करणं, असं ते काम. उपकेंद्रातल्या सिस्टरांनी मला बीपी मोजायला शिकवलं. पुढं मी स्वतःचं एक मशीन घेतलं. त्या वर्षी मालक जत्रेला आले तेव्हा हौसेनं त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. वरचा आकडा एकशे ऐंशीला टेकलेला. मशीन बिघडलं असेल म्हणून माझ्या दंडाला लावून बघितलं, माझं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना विट्याला डॉक्टरांकडं नेलं. गोळी सुरू झाली.

तेव्हापासून रोज सकाळी फोन करून मी एकच विचारायचे, गोळी घेतली का. ते हो म्हणायचे. खरंच घ्यायचे, त्यांनी त्यात कधी मला फसवलं नाही. गोळी पोटात गेली की झालं, असं मी धरून चालले होते.

पण एक गोष्ट मनात खुपायला लागली होती. ते आले की पहिल्या दिवशी आकडा वर असायचा. गोळी तीच, वेळ तीच, तरी दहा-बारा दिवसांत तो उतरायचा. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच. सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, प्रवासाचा शीण असेल, तिकडं बाहेरचं खारट खात असतील. तसंही असेल. मग एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात आमची बैठक होती. एक डॉक्टरीणबाई धुराविषयी बोलत होत्या. धुरातले काही कण इतके बारीक असतात, की नाकात अडकत नाहीत, छातीतही थांबत नाहीत, थेट रक्तात उतरतात, असं त्यांनी सांगितलं. रक्तवाहिन्या त्यामुळं आखडतात, रक्त घट्ट होतं. ज्याला आधीच बीपी आहे, त्याच्या काळजावर त्याचा ताण जास्त. बाकीच्या बायका चुलीचं बोलत होत्या. माझ्या डोळ्यांपुढं भट्टी होती, जी मी तोवर बघितलेलीसुद्धा नव्हती.

त्या दिवाळीनंतर मी हट्टानं कोइंबतूरला गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दुकान पहिल्यांदा बघितलं. बोळात दोन खोल्या. पुढं काटा आणि गादी, मागं भट्टी. भट्टीतून सोनं वितळवायची मूस बाहेर काढली की वर निळसर वाफ उठायची आणि क्षणात दिसेनाशी व्हायची. तेजाबाच्या पातेल्यातून तांबूस पिवळा धूर निघायचा. भिंतीत एक पंखा बसवलेला, तो धूर बोळात फेकायचा, आणि बोळ इतका चिंचोळा, की निम्मा धूर दारातून परत आत. तासाभरात माझ्या जिभेवर तांब्याच्या भांड्याची चव बसली. मालकांच्या पुढच्या दातांची टोकं झिजून पारदर्शक झाली होती, ते मी तिथल्या उजेडात नीट बघितलं.

चार दिवस मी सकाळी दुकान उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना दोघांचं बीपी मोजलं. मालकांचं संध्याकाळी चढलेलं असायचं. दीर हसायचा. म्हणायचा, वैनी, हितं सोनं मोजत्यात, माणसं न्हाईत. मलाही ठाऊक होतं, की दिवसभराच्या कामानंही चढतं, चार दिवसांत काही सिद्ध होत नाही. तरी पाचव्या दिवशी मी मालकांना म्हटलं, आता दुकान भावाच्या हाती द्या आणि गावी चला.

त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, "गावात येऊन मी काय करू? तितं मला कोण वळखतंय? पाव्हण्यागत येतो नि जातो. हितं निदान माझ्या हातात काय हाय ते मला कळतंय."

मला राग यायला हवा होता. पण ते खरं बोलत होते. मग त्यांनी मुलीचं सांगितलं, तिचं सांगलीचं कॉलेज संपू दे, दोन वर्षं काढू, मग येतो. मी बरं म्हटलं. ते बरं मी म्हटलं, दुसऱ्या कुणी नाही. येताना मास्कचा एक डबा त्यांना घेऊन दिला आणि मी गाडीत बसले.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात ते मधेच चार दिवसांसाठी आले. थंडी कडाक्याची होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात अंघोळीच्या पाण्याची चूल पेटवली. घरात गॅस आहे, पण पाणी तापवायला गॅस जाळणं आमच्याकडं सगळ्यांच्याच जिवावर येतं. उसाचं पाचट होतं, तुरीच्या तुरकाट्या होत्या. त्या ओल्या, पेटत नव्हत्या, म्हणून मी फुटकी रबरी चप्पल आणि दुधाच्या पिशव्या आत सारल्या. नेहमीच सारते. काळा धूर उठला. मालक अंगावर चादर घेऊन चुलीपाशी येऊन उकिडवे बसले, हात शेकत. मी आत चहा ठेवायला गेले. बाहेर आले तर ते घामानं डबडबले होते. त्या थंडीत. डावा हात चोळत म्हणाले, दातातनं कळ मारतीया.

मला हार्ट अटॅकची लक्षणं पाठ होती. गावात पन्नास जणांना सांगितलेली. शेजाऱ्याची गाडी काढून विट्याला, तिथून रुग्णवाहिकेनं मिरजेला. तिथं डॉक्टरांनी नळी घातली, एक रक्तवाहिनी पूर्ण बंद होती, ती उघडली. मालक वाचले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बसवून सगळं विचारलं. तंबाखू नाही, दारू नाही. मी गलाईचं सांगितलं, पंखा, तेजाब, संध्याकाळचे आकडे, सगळं. ते लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, बरीच वर्षं बीपी असल्यानं काळजाची भिंत जाड झाली आहे, आणि अशा माणसानं रोज धातूचा आणि तेजाबाचा धूर ओढणं म्हणजे दमलेल्या बैलावर आणखी ओझं टाकणं आहे. मला बरं वाटलं, हे कबूल करते. कुणीतरी माझं खरं ठरवलं होतं. मग त्यांनी वही बाजूला ठेवत विचारलं, "घरी काय जाळता?"

मी म्हटलं, "गॅस आहे."

मी आशा. गावातल्या किती घरांचे गॅसचे फॉर्म मी भरून दिलेले. चुलीवरच्या भांड्यावर झाकण ठेवा, प्लॅस्टिक जाळू नका, हे मी दारोदार सांगत फिरलेली. माझ्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही.

दोन दिवस मी खाटेशेजारी बसून होते. मालक झोपलेले असले, की मला चुलीत वितळणारी ती चप्पल दिसायची. तिसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीवर आले, तेव्हा मी त्यांच्या मागं जिन्यापर्यंत गेले आणि सांगितलं, की त्या सकाळी मी रबर आणि पिशव्या जाळत होते आणि हे त्या धुरात बसले होते. ते रागावले नाहीत. त्यामुळं झालं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, ते कुणीच सांगू शकणार नाही. बावीस वर्षांचं दुकान आहे, बीपी आहे, थंडी आहे, तो धूरही आहे. उंटाच्या पाठीवरची कुठली काडी शेवटची होती ते शोधू नका, चूल तेवढी बंद करा.

शोधू नका म्हणणं सोपं असतं.

घरी आणल्यावर मी मालकांनाही सांगितलं. ते पडून ऐकत होते. म्हणाले, "शेकायला मीच येऊन बसलो हुतो. तू बोलावलं न्हवतंस." तेवढंच बोलले आणि कूस बदलली. ती क्षमा होती की विषय संपवणं होतं, मला अजून नक्की सांगता येत नाही.

आता ते गावातच असतात. काळीज पूर्वीच्या जोरानं चालत नाही. चढ आला की थांबतात. अंगणातली चूल मी पाडली, पाणी गॅसवर तापतं, सासूबाई रोज त्यावर बोलतात. पण गाव काही माझ्या हातात नाही. ऊसतोड झाली की शिवारात पाचट पेटतं, दोन-दोन दिवस आभाळ करडं राहतं. तेव्हा मी दारंखिडक्या लावून घेते आणि ते आत चिडचिड करत बसतात. एकत्र राहण्याची आम्हाला सवय नाही. भाजीत मीठ कमी पडलं, की ते ताट सारतात. दुपारी काय करायचं ते त्यांना कळत नाही. बाजारात एका सोनाराच्या दुकानात जाऊन नुसते बसतात, आणि त्यानं काही वितळवायला काढलं, की मी जीव मुठीत धरते. त्या सोनाराला मी सांगून ठेवलंय, तसं असेल तर यांना आधी बाहेर पाठवा. ते मालकांना कळलं तेव्हा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

यंदा जत्रेला दीर आला होता. जेवणं झाल्यावर त्यानं स्वतःच बाही वर केली. म्हणाला, बघा वैनी, उगीच आपलं. मी मोजलं. पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. आकडा त्याला दाखवला, तेव्हा तो आधी दाराकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "घरात कुणाला सांगू नगा."

मी त्याच दिवशी त्याच्या बायकोला सांगितलं, ती विट्याला राहते, जत्रेला आली होती. घरात बरंच बोलणं झालं. मालक एका बाजूला बसून होते. भावाला त्यांनी एवढंच विचारलं, पंखा अजून बोळातच हाय का. दीर म्हणाला, व्हय. छतावरनं धुराडं काढायचं घरमालकाशी बोलणं चाललंय म्हणाला.

महिन्यापूर्वी तो परत गेला. पिशवीत गोळ्या दिल्या आहेत. त्याची बायको आता मला रोज सकाळी फोन करते आणि विचारते, वैनी, त्यांनी गोळी घेतली म्हणत्यात, म्हंजे बास ना? मी तिला नाही म्हणून सांगते. पुढं एवढंच म्हणते, धुराडं कुठवर आलं तेही विचार.