पात्रता फेरी आणि थोरली काकी

पात्रता फेरीत मी हरलो ते माझ्याच अतिशहाणपणामुळे. आज हे हसत सांगता येतं. तेव्हा, दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात, बोर्डीच्या घरात मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नव्हतो.

खेळ इंटरनेटवरच्या पत्त्यांचा. राजा-राणीचे पत्ते नव्हेत. यातल्या प्रत्येक पत्त्यावर एखादं जनावर नाहीतर मंत्र. शेकडो पत्त्यांतून आपले तीस निवडायचे, समोरचा त्याचे तीस घेऊन येतो, आणि मग जनावरं एकमेकांच्या अंगावर सोडायची. वर्षातून एकदा पात्रता स्पर्धा व्हायची. रविवारी सात फेऱ्या, त्यातल्या सहा जिंकल्या की पुढच्या टप्प्यात जागा.

वडिलांच्या लेखी हे सगळं ‘पत्ते कुटणं’. रोज दुपारी जेवण झालं की स्वतः ओटीवर मेंढीकोट मांडून बसणाऱ्या माणसाने हे म्हणावं, याचा मला भयंकर राग यायचा. पण त्या वर्षी कॉलेजात गटांगळी खाल्ल्यामुळे रागाला धार नव्हती. शेवटी करार झाला. पुढच्या टप्प्यात गेलो तर आणखी एक वर्ष माझ्या मनासारखं. नाहीतर सोमवारपासून डहाणूला, मामाच्या फुग्यांच्या कारखान्यात. मी एकदाच तिथे तासभर उभा राहिलो होतो, तर रबराचा वास दोन दिवस केसांतून जाईना.

रविवारी दुपारपर्यंत मी सहा फेऱ्यांत पाच जिंकल्या होत्या. सातवी जिंकली की सुटलो. सातव्या फेरीचा प्रतिस्पर्धी पडद्यावर आला आणि मी “अरे, हा तर आपला शेजारी!” असं घरभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडत खुर्चीतून उठलोच. ते टोपणनाव मला पाठ होतं, कारण ते घेताना मी त्याच्या शेजारी बसलो होतो. तो आमच्या शेजारच्या वाडीतला माझा मित्र. खेळ आम्ही दोघं एकत्रच शिकलो. त्याच्या खोलीची खिडकी माझ्या खिडकीसमोर, मध्ये एक चिकूचं झाड, आणि मे महिना असल्यामुळे दोन्ही खिडक्या सताड उघड्या. इकडे कुणी शिंकलं तर तिकडून ‘जियो’ यायचं.

तीन डावांत दोन जिंकायचे होते. पहिला मी सरळ जिंकला. माझ्या तीस पत्त्यांत ‘वादळ’ नावाचा एक पत्ता होता. तो टाकला की मैदानावरची सगळी जनावरं साफ. मित्राने हौसेने सहा जनावरं मांडली आणि मी वादळ टाकलं. समोरच्या खिडकीतून कपाळावर हात मारल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

दुसऱ्या डावात मात्र वादळ येईना. मित्राने सगळी जनावरं मैदानात उतरवली असती तर माझी धूळधाण होती. त्याने ती हातातच रोखून धरावीत म्हणून माझ्याकडे वादळ आहे अशी भीती त्याला वाटायला हवी होती. आणि इथे माझ्या डोक्यात थोरली काकी आली.

थोरली काकी म्हणजे ओटीवरच्या मेंढीकोटची सम्राज्ञी. समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू, आणि चारही दश्श्या गोळा करण्यासाठी काकी काय वाटेल ते करायची. खोकायची, पदर सावरायची, हातात एक्का असताना नशिबाला शिव्या द्यायची. थाप मारायला तिच्याइतकं योग्य माणूस पंचक्रोशीत नव्हतं. स्पर्धेच्या नियमांत दुसऱ्याचा सल्ला घेण्याला बंदी होती. पण घरातल्या बाईने ओरडू नये असं कुठे लिहिलं नव्हतं, अशी मी मनाची समजूत घातली.

मी तिला बोलवायला ओटीवर धावलो. वडील आरामखुर्चीत पेपर वाचत होते.

“कोणाला, काकीला नेतोस?” त्यांनी पेपराआडूनच विचारलं.

“हो.”

“ने, ने.”

एवढ्या गोडीने ते माझ्याशी महिनाभर बोलले नव्हते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मी काकीला कानात सगळं समजावलं. तिने मान डोलावली, खिडकीपाशी स्टूल ओढलं आणि टिपेच्या आवाजात सुरू केलं, “अरे, वादळ आलं ना! आलं बाय एकदाचं! थांब, घाई नको करू, त्याला सगळी जनावरं काढू दे!”

अभिनय असा की क्षणभर मीच पत्ते तपासले. आणि मित्राने काय करावं? होती नव्हती ती सगळी जनावरं बेधडक मैदानात सोडली. दोन खेळींत माझा फडशा पाडला.

मी विचार केला, यात नवल ते काय? काकी खोटं बोलते हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग शहाण्याने उलटी चाल खेळावी. तिसऱ्या डावात माझ्या हातात वादळ पहिल्याच झटक्यात आलं. आता खरोखरच असताना नाही म्हणायचं. तो समजेल की बाई पुन्हा खोटं बोलतेय, हे मी सोयीस्करपणे विसरलो. नाही, विसरलो नाही. मला वाटलं, एकदा खोटी पडलेली बाई दुसऱ्यांदा खरं बोलेल असं तो धरून चालेल. डोकं फार चाललं की असं होतं.

“काकी, आता म्हण, काहीच नाही आलं,” मी तिच्या कानात पुटपुटलो.

“अगो बाय!” काकीने गळा काढला. “काय रे हे नशीब! एक पत्ता कामाचा नाही! पोराचं आता काय होणार?”

मित्राने एक जनावर काढलं, मग दुसरं, आणि तिथेच थांबला. बाकीची मुठीत. माझं वादळ दोन मरतुकड्या लांडग्यांवर खर्ची पडलं, आणि मग त्याने राखून ठेवलेली फौज आणली. पाच मिनिटांत खेळ खल्लास. चिकूच्या झाडापलीकडून त्याने अशी आरोळी ठोकली की ओटीखालचं कुत्रं भुंकायला लागलं.

मी काकीकडे पाहिलं. ती स्टुलावर पदराने वारा घेत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नव्हता.

“त्याला दोन्ही वेळा कसं कळलं?” मी विचारलं.

“मी मोठ्याने बोलले की उलटं समजायचं,” ती म्हणाली. “आमची खूण आहे ती.”

“आमची म्हणजे?”

“आधी चौथा तू होतास. तू खोलीत शिरलास आणि दार लावून घेतलंस, तेव्हा ओटीवर तिघंच उरलो ना आम्ही. मी, तुझे आईबाप. तिघांत मेंढीकोट होतो काय? मग त्याला हाक मारली. तीन वर्षं झाली, रोज दुपारी माझ्यासमोर बसतो तो.”

म्हणजे मी कानांत इयरफोन खुपसून खोलीत बसायचो, तेव्हा तो माझ्याच घरी असायचा. तरी मी चिडून म्हटलं, “काकी, मी तुझा सख्खा पुतण्या. सोमवारी मला कारखान्यात पाठवतील!”

“पुतण्या आहेसच,” काकी म्हणाली. “पण भिडू तो. भिडूला कसं फसवणार?”

ओटीवरून वडिलांच्या हसण्याचा आवाज आला. दोन वर्षं हरल्यावर ती खूण त्यांच्याही लक्षात आली होती. आईलाही ठाऊक होती. घरात फक्त मला माहीत नव्हती. कारखान्याचं मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. वाईट वाटलं ते याचं, की माझी जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी मला हाक मारली असेल, एकदा नव्हे, खूपदा, आणि मी ती ऐकलीसुद्धा नव्हती.