सोलापूर ते बदामी, शिवत येणाऱ्या गाडीवरून

"उभी गाडी लई लवकर म्हातारी होती बघ, माझ्यागत," असं अप्पा म्हणाले आणि मी बदामीला जायचं ठरवलं.

अप्पा म्हणजे माझे सासरे. नवी पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. डोळे अधू झाल्यावर त्यांनी ते पुतण्याच्या हाती दिलं. आता ते दिवसभर पुढच्या खोलीत, फाटकाकडच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. माणसं त्यांना आकारासारखी दिसतात, चेहरे दिसत नाहीत.

गाडी माझ्या नवऱ्याची, बसवराजची. साडेसहाशे सीसीची मोटारसायकल, दोन सिलिंडर, लांबच्या प्रवासासाठी हौसेने घेतलेली. बसवराज दोन वर्षांपूर्वी गेला. गाडीवर नाही. हे मला दर वेळी वेगळं सांगावं लागतं, कारण "गेला" म्हटलं की लोकांची नजर आधी गाडीकडे जाते. तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेलं आणि तो परत आला नाही. त्याच आठवड्यात त्याने धुऊन पुसून ठेवलेली गाडी अंगणात उभी होती. ही गाडी मला त्यानेच शिकवली. गल्लीत आधी हसले, मग सवय झाली.

या गाडीच्या आवाजाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनात व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा तुकडा यांच्यामध्ये बारीक फट ठेवतात. मेकॅनिक लोक तिला टॅपेट सेटिंग म्हणतात. फट जास्त असली की वरून टिकटिक ऐकू येते. बहुतेकांना ती नको असते. "आवाज काढून टाका" म्हणून ते मागे लागतात, मेकॅनिक फट नको तितकी आवळतो आणि लांबच्या तापलेल्या रस्त्यावर व्हॉल्व्ह जळतो. बसवराज टॅपेट स्वतः करायचा आणि फट मापाच्या वरच्या टोकाला ठेवायचा. म्हणायचा, वाजणारं टॅपेट निदान सांगतं तरी, गप्प बसलेलं आतून जाळतं. त्यामुळे आमच्या गाडीला इंजिनाच्या धडधडीवर एक नाजूक टिकटिक होती. दुकानाच्या पायरीवर शिंप्याचं मशीन ऐकत अप्पांचा जन्म गेलेला. ते म्हणायचे, "आमच्या बसूची गाडी शिवत शिवत येती."

तो गेल्यावर मी दर रविवारी बॅटरीसाठी म्हणून होटगी रोडने एक चक्कर मारते. परत येताना गल्लीच्या वळणावर असतानाच अप्पा उठतात आणि मी पोचेपर्यंत फाटक उघडं असतं. हॉर्न एकदाही द्यावा लागलेला नाही. ते त्या क्षणी कोणासाठी उठतात, हे मी विचारलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, असं लिहिणं जास्त खरं.

निघायच्या सकाळी अप्पांनी हेडलाइट बोटांनी चाचपला आणि त्यावर विभूतीच्या तीन रेघा ओढल्या. थोड्या तिरक्या आल्या. मी पुसून नीट केल्या नाहीत.

पहिला दिवस

सोलापूरहून विजयपूरचा रस्ता चौपदरी आणि सुरेख आहे. उजाडताना निघा, टाकळीच्या पुलावर भीमेवरचं धुकं मिळेल. थंडीचे दिवस असतील तर दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याएवढी उभी असते. पेट्रोल नदीपलीकडे भरा, बहुतेक वेळा थोडं स्वस्त पडतं. दुचाकीला टोल नाही. झळकीला चहा घेतला. गोल घुमट आम्ही पूर्वी दोनदा पाहिला होता, म्हणून विजयपूर बाहेरूनच ओलांडलं. खरं कारण वेगळं होतं. तिथे कुजबुजलेलं पलीकडे ऐकू येतं, हे बसवराजने मला ज्या कोपऱ्यातून दाखवलं होतं, तिथे एकटीने उभं राहायचं नव्हतं.

कोल्हारला मडक्यातलं दही घ्या. पुलाच्या अलीकडे ओळीने दुकानं आहेत आणि सोबतच्या कडक भाकरी व शेंगाचटणीबरोबर ते फार चांगलं लागतं. दही देणाऱ्या बाईंनी मला, मग गाडीला आणि मग माझ्यामागच्या रिकाम्या सीटला पाहिलं. "एकट्याच?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांनी मडक्यात आणखी एक पळी दही घातलं.

बागलकोट ओलांडल्यावर गाडी बिघडायला लागली. चौकात वेग कमी केला की इंजिन गचके खात बंद पडायचं. हँडलच्या थरथरीने हातांना मुंग्या येत होत्या. आणि टिकटिक वाढली होती. हेल्मेटमधूनही ती ऐकू येत होती, आणि माझं मन असं विचित्र की पहिल्यांदा मला तिचा आधारच वाटला.

बदामीला पोचले तेव्हा दुपार कलली होती. लॉज बसस्टँडजवळ हजाराच्या आसपास मिळतात, स्वच्छ असतात. लॉजवाल्याने इरण्णाच्या गॅरेजचा पत्ता दिला. इरण्णा पन्नाशीचा, बोलका आणि स्वतःवर खूश. तरुणपणी काही वर्षं सोलापुरात काम केल्यामुळे मराठी येणारा. मी गाडी बंद करायच्या आत तो म्हणाला, "अक्का, तुमची गाडी यायला लागली हे मला स्टँडवरनंच कळलं की."

मी त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायला गेले. माझं कन्नड सासरच्या स्वयंपाकघरात शिकलेलं. इंजिन कसं चालतंय हे सांगताना मी डाळ उतू जाण्याचा शब्द वापरला, तेव्हा त्याने हसून मराठीच बोला म्हणून सांगितलं. मी टॅपेटबद्दल आणि दोन्ही सिलिंडरला सारखी हवा जात नसेल याबद्दल बोलले. त्याने मान डोलावली, इंजिनाजवळ हात नेला आणि मागे घेतला.

"बिसी ऐती. गरम इंजिनचं टॅपेट मी बघत नाही. रातभर निवू दे. सकाळी या."

हे मला माहीत होतं. धातू तापला की फुगतो, फटीचं माप चुकतं. बसवराजही शनिवारी गाडी बाहेर काढायचा नाही, रविवारी टॅपेट करायचं म्हणून. पण निघताना इरण्णा एक वाक्य जास्त बोलला. "उद्या अशी गप्प करून देतो, देवळात नेली तरी पुजारी मागं वळून बघणार नाही."

संध्याकाळी अगस्त्य तलावाच्या पायऱ्यांवर बसले. वर लेणी आहेत, तिकीट स्वस्त आहे, माकडांपासून पिशव्या जपा, चेन उघडतात. समोर बायका कपडे धूत होत्या. दगडावर कपडा आपटायचा, आणि डोंगराला लागून तो आवाज क्षणभराने परत यायचा. मी बराच वेळ तो परत येणारा आवाजच ऐकत राहिले.

अप्पांना फोन केला. जेवलीस का, थंडी आहे का, मग त्यांनी विचारलं, "गाडी काय म्हणती?"

"आवाज करतीय जरा."

"मग बघून घे की."

एवढंच. फोन ठेवल्यावर मी ही परवानगी होती का, याचा विचार करत बसले. दुरुस्तीत ती टिकटिकच जाणार आहे हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर ते "नको" म्हणाले असते आणि बिघडलेली गाडी मी तशीच परत नेली असती. किंवा "कर" म्हणाले असते, माझ्यासाठी, आणि मनातून काहीतरी सोडून दिलं असतं. दोन्ही ओझी मला त्यांच्यावर टाकायची नव्हती. की मलाच निर्णय माझ्याकडे ठेवायचा होता? अजून नक्की सांगता येत नाही.

दुसरा दिवस

सकाळी इरण्णाने टाकी उतरवली, वरचं झाकण काढलं आणि मला जवळ बोलावलं. डाव्या सिलिंडरचा एक स्क्रू धरून ठेवणारा नट ढिला झाला होता. फट आपोआप वाढत गेली होती, कितीतरी महिने, थोडी थोडी.

"हे कुणाचं सेटिंग नाही, अक्का. हे सुटलंय. अजून थोडं चालवलं असतं तर स्क्रू आत पडला असता."

मी तिथल्या स्टुलावर बसले. म्हणजे गेले कित्येक रविवार मी जो आवाज जपत होते, अप्पा ज्या आवाजाला उठत होते, तो बसवराजने ठेवलेला नव्हताच. त्याचा आवाज आमच्या कानांदेखत हळूहळू बदलत गेला होता आणि आम्हाला दोघांनाही कळलं नव्हतं. आम्ही त्यालाच ऐकत होतो.

तरी मी विचारलं. मापाच्या आत राहून फट वरच्या टोकाला ठेवता येईल का? इरण्णाने माझ्याकडे पाहिलं. काल मी नवऱ्याबद्दल काही बोलले नव्हते, पण टाकीवर त्याच्या नावाची अक्षरं आहेत.

"ठेवतो की. पण तुमचं ते टिकटिक येणार नाही," तो म्हणाला. "आलं तर माझं काम चुकलं म्हणा."

काम सुरू व्हायच्या आधी मी गाडीचा आवाज फोनवर घेऊन ठेवायला हवा होता. हे मला झाकण परत बसल्यावर सुचलं. काल आवाज चालू होता तेव्हा तो जाणार हे माहीत असूनही मला हे सुचलं नव्हतं.

त्याने दोन्ही सिलिंडरची हवा गेज लावून जुळवली. पैसे वाजवी घेतले. गाडी सुरू झाली आणि गॅरेजमध्ये फक्त एक भरदार, गोल धडधड राहिली. इरण्णा हात पुसत वाट बघत होता. गाडी खरंच सुंदर चालत होती. मी तसं सांगितलं. त्याने ते नुसतं कौतुक समजून घेतलं असावं.

परत

परतीचा रस्ता तोच, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. हँडल शांत होतं. कोल्हारला थांबले नाही. टाकळीचा पूल आला तेव्हा मला घरी पोचायची घाई नव्हती, हे मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं.

गल्लीच्या वळणावर मी वेग कमी केला, सवयीने. फाटक बंद होतं. खिडकीत अप्पांचं डोकं दिसत होतं, रस्त्याकडे वळलेलं, कान दिलेलं. मी अगदी समोर येऊन थांबले आणि ते तसेच रस्त्याकडे कान देऊन बसून होते.

मी इंजिन बंद केलं, उतरले आणि कडी बाहेरून काढली. लोखंड वाजलं.

"यारु?" अप्पांनी विचारलं. कोण.

या घरात मला हा प्रश्न कधी आला नव्हता.

"मी, अप्पा."

"कशानं आलीस?"

"गाडीनंच."

ते उठले, भिंत धरत बाहेर आले आणि त्यांनी टाकीवर, मग इंजिनाजवळ हात नेला. ऊब लागली तसा हात तिथेच थांबवला. म्हणाले, "चालू कर बघू."

मी बटण दाबलं. अप्पा मान तिरकी करून ऐकत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत विभूतीच्या रेघांकडे बघत होते. वाऱ्याने त्या जवळजवळ गेल्या होत्या.

"शिवण थांबली," ते म्हणाले.

मी सगळं सांगायला लागले, नट, स्क्रू, कसा तो आत पडला असता. त्यांनी हात हलवून मला थांबवलं.

"बरी चालती हाय. चांगलं केलंस." मग आत वळता वळता, पाठमोरेच, "आता तू हॉर्न देत जा."

बदामीला जायचं असेल तर जरूर जा. रस्ता चांगला आहे, थंडीतच जा, आणि निघायच्या आधी टॅपेट बघून घ्या, थंड इंजिनावर. माझ्यापुरतं सांगायचं तर या प्रवासात काही मिळालं की गेलं, हे मला ठरवता आलेलं नाही. गाडी आता माझी आहे, असं लोक म्हणतात. कागदावर ती कधीच माझी झाली होती.

रविवारी होटगी रोडवरून येताना मी वळणावर हॉर्न दिला. फाटक उघडलं. पूर्वीपेक्षा थोडा वेळ लागला.