'हाव'मध्ये मावलेलं रडू

गाणी लिहिणाऱ्यांनो, हे आज दुपारचंच आहे, म्हणून लगेच सांगते.

आमच्या भागात नवरीच्या पाठवणीला 'हाव वो माय, हाव', म्हणजे 'हो गं आई, हो', हे गाणं वाजतंच. ते रचणारे नाना आज नांदुऱ्यात एका लग्नात भेटले. मी विचारलं, "नाना, हे सुचलं कसं?"

"मले कुठं सुचलं पोरी! बहीण सासरी जाऊन राह्यली होती. गाडी सुटेपर्यंत माय खिडकीशी उभी राहून सांगत होती, येळेवर जेव, फोन कर, जिवाले जप. बहिणीच्या तोंडून 'हाव'शिवाय काही निघेच ना."

रेकॉर्डिंगला पुण्याचे संगीतकार म्हणाले, "'हो आई' करू, सगळ्यांना कळेल." नाना अडून बसले. मला म्हणाले, "'हाव' लांबवलं की गळा खुलते. रडू मावते त्यात. 'हो'मंधी कुठं मावते?"

काय कान आहे या माणसाचा! मी तिथंच हात जोडले.

तुमच्या घरात असा शब्द कोणता आहे? बदलला तर गाणंच जाईल असा?

घरी येऊन माहेरी, जानेफळला, फोन लावला. आई म्हणाली, "जेवली काय वो?"

"हाव," म्हटलं. नेहमीपेक्षा जरा लांबवून.