लमायच्या कुंडीतला पाहुणा

लमाय ऑर्किडच्या मुळांशी स्मशानातले कोळसे घालते, हे अर्ध्या कालव्याकाठाला ठाऊक होतं. उरलेल्या अर्ध्याला शेजारच्या प्रायोंगने सांगितलं. खरं म्हणजे ते कोळसे भाजकी केळी विकणारीच्या शेगडीतले. लमाय इतकी भित्री, की स्मशानावरून जाताना छत्री आडवी धरते.

फेकलेल्या वस्तूंवर मात्र तिचा भारी जीव. नारळाची सोडणं, फुटकी कौलं, सगळं धुऊन, उकळून कुंडीत. आईच्या हातचं एकच ऑर्किड उरलं होतं. त्याची सोडणं कुजली, मुळं काळी पडली, तेव्हा तिने देवळामागून कौलांचे तुकडे पोतंभर आणले आणि झाड त्यात बसवलं. तीन आठवड्यांत हिरव्या टोकाची नवी मुळं फुटली.

त्या सकाळी पाणी घालताना एका तुकड्यावरची काजळी निघाली. खाली सोनेरी कंगोरा. लमायच्या हातातला तांब्या निसटला.

देवळामागच्या पिंपळाखाली कौलांच्या ढिगाला लागूनच लोक मोडकी भूतघरं ठेवतात. अंगणातल्या राखणदार भुताचं देव्हाऱ्याएवढं घर जुनं झालं की तिथेच सोडायचं, आणि त्याला कुणी बोट लावायचं नाही. सोनेरी कंगोरा अशा घराच्याच छपराला असतो; लमायने तर चक्क ते छप्पर उकळलं होतं.

"बाई गं!" कुंपणावरून प्रायोंग किंचाळली. "तरीच काल तुझा कुत्रा रिकाम्या खुर्चीवर भुंकत होता!"

"तो तुझ्यावरही भुंकतो."

"थट्टा नको, ताई. तो तुकडा उपट आणि पिंपळाखाली ठेवून ये. गुडघा सुजलाय ना तुझा? आता सूज वर चढेल."

लमायने कात्री आणली. पण दोन मुळं त्या तुकड्याला घट्ट चिकटली होती. ती कापली तर झाड जाणार. ठेवली तर कोण जाणे काय जाणार. पाठीमागे पान वाजलं तरी तिच्या मानेवर काटा येई. तिने कुंडीपुढे नैवेद्याला लाल सरबताचा पेला ठेवला, उदबत्ती लावली, हात जोडले. "चुकले हो, आजोबा. ओळखलं नाही." उदबत्ती शेवटपर्यंत जळली, पण राख न पडता नुसती वाकत गेली. हा होकार की राग, काही कळेना. कात्री मुळाला टेकली, आणि तिने ती खाली ठेवली.

"अगं, आणि तो रागावून आत बसला असला तर?" प्रायोंगचा आवाज आता कुजबुजीवर आला होता.

लमायचे ओठ पांढरे पडले होते. तरी म्हणाली, "बसू दे. त्याचं घर टाकून देणारे दुसरेच. मी तर त्याला रोज आंघोळ घालते."