गडीमाणसांची इंग्रजी

मुरबाडच्या आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत सगळे डबे उघडायचे, आणि जाधव सर वही उघडायचे. सर इंग्रजी शिकवत. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत तिकडच्या खेडवळ बोलीतले शब्द सापडले की ते वहीत उतरवून घेत. मेंढ्या हाकायचे शब्द, चिखलाचे शब्द, आळशी बाईला द्यायच्या शिव्यासुद्धा! "सर, आपल्या पोरांना साधं इंग्रजी येईना, आणि तुम्ही हे कुणासाठी गोळा करताय?" मी टोमणा मारायचो. मराठीचा मास्तर मी, जिभेला हाड नाही.

ते नुसते हसायचे. एकदा मात्र चिडले. "अख्ख्या कादंबरीत ही बोली बोलतं कोण? मेंढपाळ, मोलकरीण, गाडीवान. मालकाच्या तोंडी एक शब्द नाही! लेखकाला बोली आवडते हो, पण गड्याच्या तोंडी." त्यांचं स्वतःचं मराठी इतकं शुद्ध, की नवे शिक्षक त्यांना पुण्याकडचे समजत. गाव विचारलं की "इकडेच, जरा आत," म्हणून विषय बदलत.

त्यांची आई गेली तेव्हा आम्ही चौघे शिक्षक प्रथमच त्यांच्या घरी गेलो. सिद्धगडाच्या पायथ्याचा पाडा. सर आईच्या पायाशी बसले होते. "आये, आता मी कोनाशी बोलू गो? सांग ना, कोनाशी?"

ही तर माझ्या घरातली बोली! दार लावून बायकोशी बोलतो ती. नऊ वर्षं एका टेबलाशी बसून आम्ही दोघं एकमेकांपासून हेच लपवत होतो. त्यांना त्याच बोलीत दोन शब्द बोललो असतो तर माझं काय बिघडलं असतं? पण बाकीचे तिघे बाजूला उभे होते. मी म्हणालो, "सर, धीर धरा." शुद्ध मराठीत.

उद्या बोलू, परवा बोलू म्हणता म्हणता सर निवृत्त झाले. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

दोन वर्षांनी एकटाच त्यांच्या पाड्यावर गेलो. ते एकटेच ओट्यावर बसले होते. जीपमध्ये घोकलेलं वाक्य मी दारातच बोलून टाकलं, "सर, वलखलं का? आमी पन तुमच्यातलंच. आज आपल्या बोलीत बोलू."

ते उठले, उपरण्याने खाट पुसली.

"या, बसावं. आपण चहा घ्याल ना?"

"सर, हितं एकटं वाटत नाय का?"

"नाही, नाही," ते म्हणाले, "उत्तम चाललं आहे."