भिंतीपलीकडचं धुळं

सर्व संबंधित प्रवाशांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, धुळ्याहून दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सुटणारी चाळीसगाव पॅसेंजर तीन वर्षं उशिराने धावत आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल एका माणसाला खरोखरच खेद आहे. यात सरकारी रेल्वेचा तिळमात्र दोष नाही. ही गाडी दीड हात लांब असून जळगावात, मेहरूणच्या एका घरात, ती उभी आहे. आणि ज्यांची आहे ते माझ्या बायकोचे सख्खे मामा. मामांइतका नियमाने जगलेला आणि नियमापायीच फसलेला माणूस तापी ते गिरणा या अख्ख्या पट्ट्यात दुसरा झाला नाही, हे मी तळोद्याच्या देवीपासून भुसावळच्या पुलापर्यंत कुठेही उभा राहून शपथेवर सांगायला तयार आहे.

मामा निवृत्त स्टेशनमास्तर. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, प्रवचनाला जातात, सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. मामांनी निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीतला दिवाण बाहेर काढला आणि तिथे चाळीसगाव ते धुळे हा लोहमार्ग टाकायला घेतला. केळीच्या खोक्यांच्या फळ्यांवर रूळ, रुळांखाली वीटभट्टीची चाळलेली राख, कडुनिंबाच्या काड्यांची झाडं, प्लास्टरचा लळिंगचा किल्ला. सगळी स्टेशनं क्रमाने, एकही गाळलेलं नाही. फलाटांवर बोटाच्या पेराएवढी माणसं, मामांनी स्वतः कोरलेली, आणि ती कुणीतरी ओळखीचीच. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा शिरूडच्या फलाटावर छत्री घेतलेला एक टकलू बसलेला दिसला. तेव्हा माझ्या डोक्यावर भरघोस केस होते. मी हसून म्हटलं, "मामा, हे कोण?" मामा चष्म्यावरून माझ्या डोक्याकडे बघत म्हणाले, "थांबा जावईबापू. गाडी यायला वेळ आहे." आज मी आरशात बघतो तेव्हा शिरूडच्या फलाटावरचा तो गृहस्थ माझ्याकडे बघत असतो. आणखी एक. त्या माणसांपैकी एकालाही मामांनी डोळे काढले नव्हते. का, असं विचारलं तर म्हणाले, "डोळे दिले की उतरायला बघतात."

आता या सगळ्या प्रकाराला परवानगी दिली ती मामींनी. मामी मूळच्या धुळ्याच्या, आणि रागावल्या की थेट अहिराणीत शिरणाऱ्या. त्यांनी एकच अट घातली: "धुळं माझं माहेर आहे. ते तुमच्या खोलीत नको. माझ्या खोलीत हवं, आणि ते मीच बघणार." झालं! मामांनी भिंतीला भोक पाडलं. चाळीसगाव बैठकीत, धुळं भिंतीपलीकडे मामींच्या खोलीत. एकेरी मार्ग, एकच गाडी, दोन टोकांना दोन स्टेशनमास्तर आणि मध्ये विजेची घंटी. एक टोला म्हणजे ‘आहात का?’ दोन म्हणजे ‘गाडी सोडू का?’ तीन म्हणजे ‘गाडी पोचली.’ पलीकडून तेवढेच टोले परत आल्याशिवाय गाडी इंचभर हलवायची नाही आणि एकदा टोला दिला की गाडी पोचेपर्यंत स्टेशनमास्तरने जागा सोडायची नाही, हा मामांचा नियम. संसाराच्या बेचाळीस वर्षांत ही दोघं जेवढी बोलली नसतील तेवढी त्या घंटीवर बोलली. आणि मामींच्या हाती धुळं आल्यावर मामांची जी त्रेधा उडाली ती काय सांगू! सकाळी भाजीवरून बोलाचाली झाली की दुपारी धुळ्याहून गाडीच सुटायची नाही. मामा एक टोला देणार, पलीकडे शांतता. पुन्हा एक टोला. मग भिंतीमागून आवाज: "धुयं बंद शे आज! बठ्ठं बंद शे!" (म्हणजे सगळंच बंद.) आणि इकडे मामा, रिकाम्या खोलीत, टेबलाशी ताठ उभं राहून त्या बिनडोळ्यांच्या माणसांना खणखणीत आवाजात सांगताहेत, "यात्रीगण कृपया ध्यान दें, धुळ्याहून येणारी गाडी अनिश्चित काळ उशिराने धावत आहे." एकदा हे चाललेलं असताना पोस्टमन दारात होता. तो रजिस्टरची सही न घेताच गेला.

राग उतरला की गाडी यायची, आणि शेवटच्या उघड्या मालडब्यात मामींचा निरोप असायचा. डब्यात लवंग असली तर राग अर्धा उतरला. वेलदोडा असला तर पूर्ण उतरला, चहा टाकलाय, या. आणि डबा मोकळा आला तर मामांनी त्या संध्याकाळी भरीत-भाकरीची आशा सोडून फुटाण्यांवर भागवायचं. मी स्वतः पाहिलंय, बोगद्यातून गाडी बाहेर येताना मामा इंजिनाकडे बघायचेच नाहीत. मान तिरकी करून शेवटच्या डब्याकडे.

दर रविवारी दुपारी इथे सभा भरायची. सभासद तीन, आणि मी प्रेक्षक. एक मामा. दुसरे गार्डसाहेब, भुसावळहून निवृत्त झालेले, प्रत्येक वाक्य हिरवा झेंडा दाखवल्यासारखं हात हलवून संपवणारे. तिसरे शेठ, कापडाचे व्यापारी, ज्यांनी परदेशातून बर्फाच्या डोंगरासकट आख्खी रेल्वे मागवली होती आणि जी मोबाइलवरून धावायची. त्या खोक्यात बर्फ पडलेली सूचीपर्णी झाडं निघाली, ती मामांनी बोरविहीरच्या बाजूला लावून टाकली. शेठ म्हणाले, "अहो, खानदेशात बर्फ?" मामा म्हणाले, "बर्फ कुठला? कपाशी फुटलीय." शेठ म्हणणार, वेग बघा, वेग! माझं इंजिन मिनिटात सात फेऱ्या मारतं. गार्डसाहेब म्हणणार, सात फेऱ्या मारतो तो घाण्याचा बैल. यावर तासभर जुंपायची, आणि मग मामा निकाल द्यायचे: "शेठजी, धावते ती मोटार. परवानगीसाठी थांबते ती रेल्वे."

तर हा थांबण्याचा निकाल मामांच्या अंगावर कसा आला, ते मला गार्डसाहेबांनी सांगितलं. (गार्ड लोक शेवटच्या डब्यात बसतात, म्हणून सगळं त्यांना आधी नाही कळलं तरी पूर्ण कळतं.) तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, सकाळी मामा-मामींचं वाजलं. मुलीकडे पुण्याला जायचं मामींच्या मनात, मामांना गाड्या सोडवेनात. दुपारी नेहमीप्रमाणे चाळीसगावहून गाडी गेली, पलीकडून तीन टोले आले, गाडी पोचली. चार वाजून दहा मिनिटांनी ती परत सुटायची. चार-दहाला घंटीचा एक टोला आला: आहात का? मामांनी एक टोला दिला. पुढे काही नाही. मामांना वाटलं, राग आहे. नियमाप्रमाणे ते जागचे हलले नाहीत. दीड तास त्यांनी फलाटावरच्या माणसांना गाडी उशिरा असल्याचं सांगितलं. पावणेसहाला ते उठून पलीकडे गेले तेव्हा मामी खुर्चीत बसलेल्या होत्या, हात घंटीच्या बटणाशी.

त्यानंतर मामांनी ती खोली बंद केली. किल्ली मुलीला पुण्याला देऊन टाकली. गाडी आत, धुळ्यातच. त्या दिवशी शेवटच्या डब्याकडे बघायची हिंमत झाली नाही, आणि पुढे कधीच झाली नाही. डब्यात काही आहे की डबा मोकळा आहे, एवढाच प्रश्न. मामी रागात गेल्या की राग उतरल्यावर, एवढंच. दार उघडून दोन मिनिटांत कळलं असतं. पण मामा म्हणायचे, "जोवर गाडी आली नाही तोवर उत्तर आलेलं नाही. येऊ द्या उशिरा."

आता इथून पुढे माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी मुळात नाटकी माणूस, हे आमच्या घरी लहान पोरंही सांगतील. पण शेठ पावतीशिवाय देवाला फूल वाहत नाहीत, त्यांना विचारा. पुढच्या उन्हाळ्यापासून, दुपारी चार-दहाला, बंद खोलीकडून घंटीचा एक टोला येऊ लागला. रोज नाही, पण आमच्या रविवारच्या सभेत चार-पाचदा तरी आला. गप्पा मध्येच थांबायच्या. बशीतला चहा बशीतच. गार्डसाहेबांनी उपपत्ती मांडली की कूलर लावला की जुनी तार तापते आणि टोला पडतो. शेठ म्हणाले, उंदीर. मामांनी टोल्याला उत्तर दिलं नाही. बटणापासून हात लांब, मांडीखाली दाबून बसायचे.

पण एका रविवारी गार्डसाहेब भिंतीच्या भोकापाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. म्हणाले, "मास्तर, लाइन बंद पडली की रुळाला गंज चढतो. वर्षात लाल होतो. हा बघा." आम्ही पाहिलं. टेबलावर सगळीकडे धूळ होती, माझ्या टकलावरही. पण भोकातून आत जाणारे ते दोन रूळ चाकू फिरवल्यासारखे चकचकीत होते. मामा शपथ घेऊन म्हणाले, मी हात लावलेला नाही. शेठ त्या दिवशी लवकर घरी गेले आणि पुढचे दोन रविवार त्यांच्या दुकानात फार गर्दी होती.

यंदाच्या मे महिन्यात मामांची मुलगी आली. एकुलती एक, पुण्याला बँकेत, वडिलांसारखीच सरळ आणि आईसारखीच तिखट. सामान हलवणारी माणसं सोमवारी यायची होती, मामा पुण्याला जायचे होते, आणि रविवारी दुपारी आम्ही सगळे त्या खोलीत होतो. तिच्या हातात पलीकडच्या खोलीची किल्ली.

"आबा, आता उघडते मी."

"नाही उघडायचं. गाडी आत असताना मार्गावर माणूस जात नाही."

"भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांना!" ती माझ्याकडे वळली. "खेळण्यातल्या गाडीपायी तीन वर्षं झाली, हा माणूस आईच्या खोलीत गेलेला नाही. आबा, भीती वाटते ना तुम्हाला? सरळ म्हणा!"

मामा खाली बघत म्हणाले, "वाटते. डबा मोकळा असेल तर?"

कूलर घरघरत होता. चार-दहा झाले, आणि घंटीचा एक टोला पडला.

मुलीने तो पहिल्यांदाच ऐकला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी गार्डसाहेबांकडे, गार्डसाहेबांनी कूलरकडे बोट दाखवलं. मामांनी मांडीखालून हात काढला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बटण दाबलं. एक टोला.

पलीकडून दोन टोले आले. सावकाश, नीट मोजून.

शेठनी माझा दंड धरला. तो पुढे तीन दिवस काळानिळा होता. मामा उठून उभे राहिले, सदऱ्याची वरची गुंडी लावली, दोन टोले परत दिले आणि रुळांना वीज सोडणारी मूठ फिरवली. काही क्षण काहीच नाही. मग भिंतीच्या पोटात खरखर, आणि भोकातून इंजिन बाहेर आलं, त्यामागे एक डबा, दुसरा डबा. मामांची मान तिरकी झाली. फलाटांवरची सगळी माणसं, शपथेवर सांगतो, मला तर त्याच दिशेला बघताना दिसली. शेवटचा उघडा मालडबा बाहेर आला. त्यात दोन वेलदोडे होते. सुकून पांढरट पडलेले. एक मामांचा, एक मामींचा.

गाडी चाळीसगावला लागली आणि तेवढ्यात कूलर थांबला, पंखा थांबला, रस्त्यावरची पिठाची गिरणीही थांबली. मेहरूणची वीज गेली. मामांचं लक्ष नव्हतं. सवयीने त्यांनी बटण तीनदा दाबलं. घंटी अर्थातच वाजली नाही. वीजच नव्हती.

पुढचं आधी सांगून टाकतो, कारण शेवटचं वाक्य माझं नाही. सोमवारी सामान हलवणारी माणसं आली आणि चहा पिऊन परत गेली. मामा मेहरूणलाच आहेत. त्यांची लेक महिन्यातून दोनदा शनिवारी पुण्याहून येते आणि रविवारी दुपारी आईच्या खुर्चीत बसून धुळं सांभाळते. तिच्या डब्यातून बडीशेप येते. ती आली नाही तर त्या दुपारी गाडी उभी असते. मामा घाई करत नाहीत. त्या दोन वेलदोड्यांपैकी एक देवापुढे आहे. दुसरा मामांच्या सदऱ्याच्या खिशात असतो, जवळ बसलं की अजून मंद वास येतो, किंवा मला तसं वाटतं.

तर, वीज गेलेली. मामांचा हात बटणावर. आणि त्या शांततेत, कुलूपबंद खोलीकडून, घंटीचे टोले आले. एक. दोन. तीन. मामांनी डोळे मिटले. गार्डसाहेबांनी टोपी काढली. आणि हातात किल्ली घेऊन उभी असलेली ती पुण्याची बँकवाली, या साऱ्याला खेळणं म्हणणारी, भिंतीशी धावली, त्या भोकाशी तोंड नेलं आणि ओरडली, "आई, एवढ्यात लाइन बंद करू नको गं!"